गाडी डायलवर पळते, तरी शर्यत हजारांशांनी का जाते? स्लिप वाचून दोष शोधायची पद्धत

ब्रॅकेट प्रकारच्या ड्रॅग शर्यतीत तक्रार नेहमीचीच असते. "गाडी डायलच्या (आधी जाहीर केलेल्या वेळेच्या) दोन शतांशांबाहेर जात नाही, तरी दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला पंधरा-वीस हजारांशांनी हरतो. कार्ब्युरेटर बदलू का? टायर बदलू का?" सोबत स्लिपचा, म्हणजे प्रत्येक धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या छापील चिठ्ठीचा, फोटो असतो, पण फक्त खालच्या भागाचा, जिथे एकूण वेळ आणि वेग छापलेला असतो. दोष बहुतेकदा फोटोतून कापलेल्या वरच्या दोन ओळींत असतो.

माझं मत आधीच सांगतो. ब्रॅकेट शर्यतीत निसटत्या फरकाने होणारे पराभव बहुतांशी गाडीच्या पहिल्या फूटभर हालचालीत ठरतात, आणि लोक दुरुस्ती करतात ती उरलेल्या तेराशे फुटांची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इंजिन, हवामान आणि डायल यांना हात लावायच्या आधी गाडी रेषेवर उभी करायची पद्धत तपासा.

नव्याने येणाऱ्यांसाठी चार ओळी. अमेरिकेत शनिवार-रविवारी स्थानिक पट्टीवर जे चालतं ते बहुतेक ब्रॅकेट रेसिंगच. आपली गाडी पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, किती वेळात कापेल ते तुम्ही आधीच जाहीर करायचं आणि बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचं. हा तुमचा डायल. दोन गाड्यांच्या डायलमध्ये जितका फरक, तितका वेळ हळू गाडीला आधी सोडतात. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे हार. दोघांनीही ब्रेकआउट केलं तर ज्याचं कमी तो जिंकतो. हिरवा लागायच्या आधी निघालात तर रेड, आणि रेड झाल्यावर समोरच्याने ब्रेकआउट केलं तरी तुमची सुटका नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यती पाहून इथे आलेल्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण इथे साडेसोळा सेकंदांची फॅमिली कार दहा सेकंदांच्या कॅमेरोला घरी पाठवू शकते. वेगाचा फायदा डायलने काढून घेतल्यावर उरतो तो अंदाजाचा आणि वेळेचा नेमकेपणा.

हिशेब पॅकेजचा

शर्यत कोण जिंकला हे एकूण वेळेवरून कळत नाही. रिॲक्शन टाइम (हिरवा लागल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ) आणि डायलच्या वर गेलेला वेळ यांची बेरीज करा. ते तुमचं पॅकेज. रेड आणि ब्रेकआउट कोणाचंच नसेल तर ज्याचं पॅकेज लहान तो जिंकला.

डावीकडच्या गाडीचा डायल १२.४०, उजवीकडची १०.८५ धरा. डावीकडच्याचं झाड, म्हणजे सुरुवातीच्या दिव्यांचा खांब, १.५५ सेकंद आधी उतरायला लागतं. तो ०.०३१ ला निघतो आणि १२.४१८ पळतो. उजवीकडचा ०.०१४ ला निघतो, १०.८७१ पळतो. डावीकडचा पिटमध्ये परत येऊन म्हणतो, "मी डायलच्या अठरा हजारांश वर होतो, तो एकवीस वर होता, गाडी माझीच सरस पळाली." बरोबर आहे. पण त्याचं पॅकेज ०.०४९ आणि समोरच्याचं ०.०३५. गाडीने तीन हजारांश मिळवून दिले होते, झाडावर सतरा गेले. शर्यत चौदा हजारांशांनी गेली, म्हणजे १२३ मैल वेगाने येणाऱ्या उजव्या गाडीच्या हिशेबाने रेषेवर जेमतेम अडीच फूट.

हरलेल्या प्रत्येक राउंडची अशी दोन भागांत फोड करून वहीत लिहा. ही वही नसेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

पहिला इंच आणि शेवटचा इंच

आता मुख्य मुद्दा. रेषेवर प्रकाशाच्या दोन आडव्या किरणशलाका असतात. पुढचं चाक पहिलीत गेलं की प्री-स्टेजचा दिवा लागतो, आणखी सात इंच पुढे सरकून दुसरीत गेलं की स्टेजचा. रिॲक्शन टाइम मोजला जातो तो हिरवा लागल्यापासून चाक स्टेजच्या किरणातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत. एकूण वेळेचं घड्याळही चाक बाहेर पडल्याच क्षणी सुरू होतं, हिरव्याला नव्हे. म्हणजे चाक किरणात असताना गाडी जे अंतर सरकते ते रिॲक्शनच्या खात्यात पडतं आणि एकूण वेळेतून सुटतं. याला रोलआउट म्हणतात. साधारण २६ इंच व्यासाचं चाक आणि जमिनीपासून दीड इंचावर किरण धरला, तर पूर्ण रोलआउट सुमारे बारा इंच भरतं.

उभ्या गाडीला हे बारा इंच कापायला बराच वेळ लागतो. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने, म्हणजे पहिल्या साठ फुटांना १.७० सेकंदांच्या आसपास घेणारी गाडी घ्या. तिला एक फूट सरकायला साधारण पाव सेकंद लागतो. तिला एक इंच पुढे उभी करा, रोलआउट अकरा इंच राहील आणि रिॲक्शन सुमारे एक शतांशाने सुधारेल. तीच गाडी शेवटच्या रेषेवर ११० मैल वेगात असते. तिथे एक इंच म्हणजे अर्धा हजारांश. सुरुवातीचा एक इंच शेवटच्या वीस इंचांच्या तोडीचा आहे.

म्हणूनच दिव्यावर "जरा पुढे, जरा मागे" उभं राहण्याला किंमत आहे. स्टेजचा दिवा लागलेला असताना तुमचं चाक त्या बारा इंचांत कुठेही असू शकतं. दिवा तितकाच पिवळा दिसतो.

एका मित्राच्या तीन स्लिपा

हे कागदावर कसं दिसतं ते एका मित्राच्या मस्टँगवरून दाखवतो. गाडी ऑटोमॅटिक, डिले बॉक्स (बटण सोडल्यावर ठरलेला वेळ थांबून गाडी सोडणारं यंत्र) नाही, ब्रेकवर धरून सोडायची. डायल १२.०३. एकाच दुपारच्या, एकाच लेनच्या तीन स्लिपा:

पहिली: रिॲक्शन ०.०४२, साठ फूट १.७०१, एकूण १२.०३२.
दुसरी: रिॲक्शन ०.०६१, साठ फूट १.६८४, एकूण १२.०१४.
तिसरी: रिॲक्शन ०.०२४, साठ फूट १.७१७, एकूण १२.०४९.

त्याचं निदान असं होतं: "माझे लाइट (म्हणजे रिॲक्शन) खराब, आणि गाडी पस्तीस हजारांश इकडेतिकडे पळते." म्हणजे एक दोष चालकात, एक गाडीत. पण प्रत्येक स्लिपवर रिॲक्शन आणि एकूण वेळ यांची बेरीज करून बघा. १२.०७४, १२.०७५, १२.०७३. हिरवा लागल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत त्याला तिन्ही वेळा जवळजवळ तेवढाच वेळ लागला होता. चालकही एकसारखा होता, गाडीही. फक्त गाडी उभी कुठे राहिली ते बदलत होतं, इकडे पावणेदोन इंच, तिकडे पावणेदोन इंच. किरणात उथळ उभा राहिला की लाइट वाईट आणि गाडी "जोरात", खोल शिरला की लाइट छान आणि गाडी "मंद".

यातला घात पुढे आहे. तिसऱ्या स्लिपनंतर त्याने डायल १२.०५ केला. पुढच्या वेळी गाडी उथळ उभी राहिली आणि ३६ हजारांशांनी ब्रेकआउट. घाबरून त्याने १२.०१ लिहिला. पुढच्या वेळी खोल शिरला आणि चाळीस हजारांश वर. दिवसभर तो स्वतःच्याच सावलीचा पाठलाग करत होता आणि दोष हवेला देत होता.

तेव्हा पहिली तपासणी हीच. आपल्या गेल्या काही स्लिपा घ्या. रिॲक्शन वाढलं की साठ फूट कमी होतं आणि रिॲक्शन कमी झालं की साठ फूट वाढतं, असं उलटसुलट चालू असेल आणि बेरीज दोन-तीन हजारांशांत स्थिर असेल, तर दुखणं स्टेजिंगचं आहे. डायल पुसू नका. पाना हातात घेऊ नका.

उपाय सोपा आहे, पण दर वेळी न चुकता करायला कंटाळवाणा. प्री-स्टेज लागला की पूर्ण थांबा. श्वास घ्या, समोरच्याचा प्री-स्टेज लागू द्या (त्याच्या आधी स्टेजमध्ये घुसणं इथे असभ्य मानतात, आणि घाईत तुमचंच बिघडतं). मग ब्रेक फक्त इतका ढिला करा की गाडी रांगेल, आणि स्टेजचा दिवा पहिल्यांदा लुकलुकताच दाबून धरा. नजर त्या दिव्यावर, टॅकोमीटरवर नाही. दिवा लागल्यावर "अजून थोडं" करायचं नाही.

इथेच ब्रेकवाल्यांची एक ठरलेली गफलत होते. दिवा लागेपर्यंत सगळं नीट, मग सोडण्यासाठी आरपीएम वर घेतात आणि कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) गाडीला ब्रेकवरून हळूच पुढे ढकलतो. आत बसून दोन इंच जाणवत नाहीत, सस्पेन्शन दबल्यासारखं वाटतं. पुढच्या टायरच्या बाजूला खडूची उभी रेघ मारा आणि गॅलरीतून कोणालातरी फोनवर झूम करून चाकाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंत रेघ फिरली तर चोर सापडला. तेव्हा आरपीएम आधी थोडा चढवून, त्याच आरपीएमवर शेवटचे इंच रांगत आत या. किंवा सोडायचा आरपीएम इतका खाली आणा की ब्रेक नक्की धरेल. दोनशे आरपीएम कमी करून साठ फुटांला एखादा शतांश गेला तरी बिघडत नाही. तो शतांश डायलमध्ये लिहिता येतो. रांगणं लिहिता येत नाही.

मुद्दाम खोल स्टेज करणारेही असतात, लाइट सुधारायला. चालेल, पण दर वेळी तितकंच खोल जाण्यासाठी खूण कुठली? उथळ उभं राहायला दिवा लागण्याचा क्षण असतो. खोल जाताना प्री-स्टेजचा दिवा विझण्याचा क्षण हीच काय ती खूण, आणि तिथवर गेलात तर बारापैकी सातच इंच उरतात, म्हणजे नेहमीच्या वेळी पाय सोडला तरी रेडचा धोका. काही वर्गांत खोल स्टेजला मनाईही असते. मी कोणाला सुचवत नाही.

बेरीजच हलत असेल तर

मग दुसरं काहीतरी आहे, आणि स्लिप वरून खाली वाचली की ते कुठे आहे ते कळतं.

रिॲक्शन वरखाली, साठ फूट मात्र जागचं हलत नाही: हा चालक. फुल ट्रीवर तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उतरतात, शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. चालकाचे साधारण दोन दशांश आणि गाडीचे पाव सेकंद धरले तर ०.००० साठी पाय शेवटच्या पिवळ्यालाच सुटायला हवा. हिरवा बघून निघणारा कितीही चपळ असला तरी चार-पाच दशांशांनी मागे राहतो. प्रश्न इतकाच की शेवटचा पिवळा "दिसला" म्हणजे नेमकं काय. लागायला सुरुवात झाली ते, की पूर्ण उजळला ते? आणि त्यात एक तिसरं भूत असतं: दुसऱ्या पिवळ्यानंतर मनात मोजून पाय सोडणं. मोजणाऱ्यांचे लाइट एक दिवस ०.००४ आणि दुसऱ्या दिवशी -०.०२० येतात. व्हायझर किंवा हेल्मेटची कड अशी ठेवा की वरचे दोन पिवळे दिसणारच नाहीत. जुन्या तंतूच्या दिव्यांना उजळायला वेळ लागायचा, एलईडी लगेच पेटतात. पट्टी बदलली की लाइट बदलतात त्यामागे हेही एक कारण असतं.

तुमची गाडी वेगवान असेल तर आणखी एक त्रास. समोरच्याचं झाड आधी उतरतं, तो निघून जातो, आवाज होतो, आणि तुमचा पाय त्याच्याबरोबर निघायला बघतो. हा त्रास सरावानेच जातो. घरच्या सरावाच्या झाडाचा डोळ्याला उपयोग होतो, पण त्यावरचा आकडा गाडीतल्या आकड्याशी जुळवू नका. तिथे ना टायर आहे, ना रोलआउट.

रिॲक्शन ठीक, साठ फूट दोन-तीन शतांशांनी हलतं: हे टायर आणि गिअरबॉक्सचं. बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागीच फिरवणं) दर वेळी तेवढाच लांब आहे का? मागच्या टायरचा दाब रेषेवर जायच्या आधी, टायर तितकाच थंड किंवा गरम असताना बघता का? गिअरबॉक्सचं तेल पहिल्या राउंडला थंड आणि चौथ्याला तापलेलं असेल तर कन्व्हर्टर वेगळा वागतो. पाण्याचं तापमान एक आकडा ठरवून त्याच आकड्यावर स्टेज करा. १६० फॅरेनहाइट असो की १८०, कुठला ते महत्त्वाचं नाही, रोज तोच हवा.

साठ फूट जागेवर, ३३० फुटांपासून फरक वाढत जातो: गिअर. हाताने बदलत असाल तर शिफ्ट लाइट लावा आणि त्यावरच बदला, कानावर नको. इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत बॅटरीकडे बघा. राउंडांच्या मधे चार्जर न लावणारा माणूस संध्याकाळी वेगळ्याच गाडीत बसलेला असतो. व्होल्टेज उतरलं की इग्निशनपासून ट्रान्सब्रेकच्या (गाडी रेषेवर धरून ठेवणाऱ्या गिअरबॉक्समधल्या ब्रेकच्या) सोलेनॉइडपर्यंत सगळं थोडं-थोडं आळसावतं.

हजार फुटांपर्यंत सारखं आणि शेवटी वेग पडला: समोरचा वारा. हवामान यंत्रावरचा डेन्सिटी अल्टिट्यूडचा (हवा किती दाट-विरळ ते सांगणारा) आकडा तापमान, दाब आणि आर्द्रता यांच्यावरून निघतो, वाऱ्याचा त्यात हिशेब नाही. पट्टीवरचा झेंडा बघायची सवय लावा. बाकी हवेचं गणित उन्हाळ्यात साधं असतं: दुपारच्या टाइम ट्रायलवरून (स्पर्धेआधीच्या सरावफेरीवरून) लिहिलेला डायल रात्री नऊला ब्रेकआउट घडवतो, कारण हवा थंड आणि दाट होते. फक्त दव पडायला लागलं की टायर सुटायला लागतात आणि गणित उलटं फिरतं.

सरासरी नव्हे, पसारा

सुपर प्रोसारख्या डिले बॉक्सच्या वर्गात हा विषय सर्वांत स्पष्ट दिसतो. तिथे चालक पहिल्या पिवळ्यालाच बटण सोडतो आणि बॉक्स साधारण एक सेकंद थांबून ट्रान्सब्रेक सोडतो. बॉक्समधला आकडा हजारांशात बदलता येतो, म्हणून लोक तो दर राउंडला बदलतात. बदलायच्या आधी पसारा बघा.

तुमचे लाइट ०.०२० ते ०.०३० मध्ये असतील तर बॉक्समधून पंधरा हजारांश काढा. ०.००५ ते ०.०१५ मिळतील, निर्धास्त. पण तुमचे लाइट ०.००५ ते ०.०४५ असतील, तर सरासरी तीच ०.०२५ असूनही पंधरा काढले की दर चार-पाच राउंडांत एक रेड ठरलेला. अशा माणसाला बॉक्सचा आकडा वाचवू शकत नाही. आधी पसारा आवळा, मग सरासरी सरकवा. बॉक्स नसलेल्यांकडे सरासरी सरकवायला दुसरे मार्ग आहेत. पुढच्या टायरमध्ये हवा वाढवली की चाक कमी बसतं, किरणाच्या उंचीवरची टायरची रुंदी घटते आणि लाइट सुधारतो. कमी केली की उलटं. मोठ्या व्यासाच्या चाकाने रोलआउट वाढतं. यातलं काहीही केलंत तरी एकूण वेळ उलट दिशेने हलणार हे लक्षात ठेवून डायल नव्याने काढा.

डायललाही हाच नियम. शेवटच्या स्लिपवरून डायल लिहू नका आणि सरासरीवरूनही लिहू नका. सरासरी लिहिलीत तर अर्ध्या वेळा ब्रेकआउट. पसाऱ्याच्या वेगवान टोकाजवळ लिहा. डायल शतांशातच लिहिता येतो, त्यामुळे गाडी १२.०२८ ते १२.०३६ पळत असेल तर १२.०२ की १२.०३ हा निर्णय घ्यावाच लागतो. समोरचा कच्च्या लाइटचा असेल तर १२.०२ लिहून सुरक्षित राहावं. लाइटचा पक्का असेल तर १२.०३ लिहून दोन हजारांशांचा धोका पत्करावा. इथे माणूस ओळखावा लागतो, आणि त्यासाठी वहीत समोरच्यांचे लाइटही लिहावे लागतात.

लेन आणि पट्टी

"त्यांची यंत्रणाच चुकीची आहे" हे वाक्य दर रविवारी ऐकू येतं. यंत्रणा हजारांशाच्याही पुढे, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजते. ११० मैल वेगात तो एक भाग म्हणजे पाच मिलिमीटर. मोजणी चुकीची असण्यापेक्षा दोन लेनमधले किरण अगदी एकाच उंचीवर नसण्याची शक्यता जास्त, आणि उंची बदलली की रोलआउट बदलतं. म्हणून स्लिपवर लेन नेहमी नोंदवा आणि डाव्या-उजव्याचे लाइट वेगळे बघा. एका लेनमध्ये सातत्याने आठ हजारांश वाईट येत असतील तर ते तुमचे नाहीत, लेनचे आहेत. लेन निवडायचा हक्क मिळाला तर काय करायचं ते उघड आहे.

पट्टी बदलली की हे सगळं पुन्हा मोजायचं. न्यू जर्सीत इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कने जानेवारी २०१८ मध्ये ड्रॅग शर्यती बंद केल्यावर आमच्या भागातली मंडळी विखुरली. कोणी ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला, कोणी पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला. इंग्लिशटाउनची वही घेऊन तिथे गेलेल्यांचे लाइट पहिल्या दिवशी बिघडणारच होते. नव्या पट्टीवर टाइम ट्रायल डायलसाठी नसून लाइटसाठी वापरा. आणि दोघांनी रेड केला तर पहिला रेड हरतो की मोठा रेड, हे तिथल्या अधिकाऱ्याला विचारून घ्या. सगळीकडे सारखं नसतं.

शेवटची रेषा

रेषेवर वेग कमी करून पॅकेज "वाचवणं" ही वेगळी कला आहे, आणि ती सर्वांत शेवटी शिकावी. तरी एक हिशेब उपयोगी पडतो. तुम्ही ११० मैलांवर, मागून येणारा १२३ मैलांवर. तो दर सेकंदाला १९ फूट जवळ येतो. रेषेच्या १६० फूट आधी, म्हणजे सुमारे सेकंदभर आधी, तो बरोबर १९ फूट मागे असेल तर रेषेवर बरोबरी होणार. त्याहून बराच मागे असेल तर तुमच्याकडे वेळ शिल्लक आहे, पाय थोडा उचला म्हणजे ब्रेकआउटचा धोका टळेल. त्याहून जवळ असेल तर दाबून धरा आणि त्यानेच ब्रेकआउट करावं अशी आशा करा. रेषेवर ब्रेकवर उभं राहायची फॅशन आहे, ती टाळा. त्या वेगात मागची चाकं लॉक झाली तर हजारांशांचा विषय बाजूला राहतो आणि भिंत जवळ येते.

स्टेजिंग, लाइट, साठ फूट, गिअर या क्रमाने सगळं तपासलं, बेरजेचा पसारा ०.०१० च्या आत आला, पॅकेज ०.०२० आलं आणि तरी तीन हजारांशांनी हरलात, तर समोरच्याचं ०.०१७ होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. डायल तोच ठेवा, बॉक्सला हात लावू नका, टायरचा दाब बघा, चार्जर लावा. आणि पहिलाच राउंड असेल तर खिडकीवर जाऊन बाय-बॅक आहे का ते विचारा. बऱ्याच पट्ट्यांवर जादा पैसे भरून पहिल्या राउंडला हरलेल्यांना परत आत घेतात, पण नोंदणी लवकर बंद होते.